दरडीची माती

११ नोव्हेंबर

आज पुन्हा ते लोक आले. पांढरी गाडी थेट बांधापर्यंत. तुरीच्या दोन ओळी चाकाखाली जातील म्हणून मी धावत सुटलो. गेल्या नाहीत. पण जाऊ शकल्या असत्या! आता गुडघा ठणकतो आहे.

नागपूरच्या कॉलेजचे लोक. नाल्यापलीकडे बॅटऱ्यांची भट्टी होती. जुन्या बॅटऱ्या फोडायचे, आतलं शिसं वितळवायचे. बंद होऊन दोन पावसाळे झाले. धूर गेला, पण शिसं आजूबाजूच्या मातीत उतरलं म्हणतात. किती उतरलं आणि त्याने पिकाचं, जनावराचं, माणसाचं काय बिघडेल, हे तपासायला हे लोक फिरतात. प्रेरणा मॅडम त्यांच्यातल्या मोठ्या. मोठ्या म्हणजे तिशीच्या असतील. गुडघ्यापर्यंत बूट घालतात. मला काकाजी म्हणतात.

मी विचारलं, "मॅडम, आमचं शेत बंद करान का?"

"काकाजी, आम्ही फक्त माती नेतो. बंद करणारे आम्ही कोण?"

म्हणजे बंद करणारे दुसरे कोणी आहेत! हे तिने सांगितलं नाही, पण त्याचा अर्थ तोच होतो.

वरची माती वेगळ्या पिशवीत, खालची वेगळ्या. गांडुळंही नेली, डब्यात ओली माती घालून. ओमप्रकाश शेजारच्या बांधावर बसून पाहत होता. त्याला काम नसतं. ओरडून म्हणाला, "काय गा रूपराव, मातीले दवाखान्यात नेऊन राह्यले तुया! आपल्याले तर कोणी वर्ध्यालेही नेत नाई."

सगळे हसले. मी नाही हसलो. दवाखान्यात नेलेलं सगळंच काही बरं होऊन येत नाही.

१२ नोव्हेंबर

सकाळी गाय खोकली. एकदाच. पण खोकली.

१५ नोव्हेंबर

आज जे पाहिलं ते लिहू की नको. बायकांच्या गोष्टी. पण इथे कोण वाचतो.

सुनेला — अपेक्षाला — चौथा महिना लागला आहे. मुलगा रोशन कामाला बाहेरगावी, सुट्टीला घरी येतो. नात काजल आता पाच वर्षांची. तिच्यानंतर दोनदा पोट रिकामं झालं. दुसऱ्या वेळेला तर सून आठ-पंधरा दिवस बोलली नव्हती कोणाशी. म्हणून या वेळी तिची सासू नलू डोळ्यांत तेल घालून आहे. गिरडच्या बाबाला नवस बोलून आली. पायरी चढताना दम लागला तरी खालून नमस्कार नाही केला, वर गेली.

दुपारी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो तर चुलीवर तवा आणि तव्यावर मातीची ढेकळं! नलू उलथण्याने परतत होती, पापड भाजावा तशी.

मी म्हटलं, "हे काय?"

"तुमचं काय काम आहे अठी? जा बाहीर."

मग स्वतःच सांगितलं. दसऱ्याच्या सुमाराला सारवण चाललं होतं तेव्हा सून म्हणाली होती म्हणे, मातीचा वास किती चांगला येऊन राह्यला. झालं! त्या दिवसापासून नलू नाल्याच्या दरडीतून माती आणते, भाजते, आणि मूठभर ढेकळं रोज सकाळी सुनेच्या खोलीत नेऊन ठेवते. दरडीची माती लोण्यासारखी, खडा नाही. गावातल्या बाया पहिल्यापासून तिथूनच आणतात. माझी आई आणायची. डोहाळ्याची माती कोणासमोर खात नाहीत, आणि कोणी खाल्ली का विचारतही नाहीत. पण दिली नाही तर बाळाचा कान फुटतो.

माझ्या धाकट्या भावाचा कान आयुष्यभर वाहत होता. आई म्हणायची, त्याच्या वेळेला मला बोरं मिळाली नव्हती.

म्हणून मी गुपचूप पाणी पिऊन बाहेर आलो. बरंच वाटलं. कोणीतरी काळजी घेत आहे.

१८ नोव्हेंबर

प्रेरणा मॅडम घरी आल्या. ओट्यावर बसल्या. घरात काय खाता, पाणी कुठलं, पालक-मेथी शेतातली की बाजारातली, गाय कुठे चरते, कोंबड्या आहेत का. नलू भराभरा सांगत होती. मॅडम लिहीत होत्या. काजल त्यांच्या बुटाला हात लावून पाहत होती, तिला एक रिकामी पिशवी दिली त्यांनी. लगेच डोक्यात घातली टोपीसारखी.

"अजून काही खाता का शेतातलं?"

नलू म्हणाली, "अजून काय खाणार बाई? बोरं-चिंचा."

मी खांबाला टेकून उभा होतो. सून आत होती, दाराआड. माझ्या मनात आलं ते तोंडापर्यंत आलं नाही. आणि येणार तरी कसं? सासऱ्याने सुनेचे डोहाळे परक्या बाईला सांगायचे? पोरगी उद्या माझ्यासमोर जेवण वाढायला येईल का?

तसंही, मॅडमनी मातीचं कुठे विचारलं. भाजीचं विचारलं.

२० नोव्हेंबर

मतदान करून आलो. शाई निघत नाही. ही शाई पोटात गेली तर? हाताने जेवतो आपण.

२७ नोव्हेंबर

देवा! चांगली बातमी.

आपल्या शेतातला पालक चांगला निघाला. तुरीच्या शेंगाही चांगल्या. गांडुळं कॉलेजात आपल्याच मातीत ठेवली होती, ती मेली नाहीत, उलट त्यांनी अंडी घातली म्हणे. मला वाटलं म्हणजे मातीत शिसं नाहीच. तर मॅडम म्हणाल्या, "आहे काकाजी. चांगलंच आहे. नाल्याच्या बाजूला तर खूप आहे."

"मंग?"

"मातीत किती आहे हे एक. त्यातलं सुटून मुळाला किती मिळतं हे दुसरं. तुमची माती काळी, चुनखडीची. ती शिशाला धरून ठेवते, सोडत नाही. आम्ही जास्त करून सुटतं किती ते पाहतो."

मी विचार केला. म्हटलं, "म्हंजे बैलाच्या अंगाले गोचीड. चिकटून आहे, पण तुमच्या अंगावर काही येऊन नाई राह्यली."

मॅडम खूप हसल्या. म्हणाल्या, मी विद्यार्थ्यांना असंच सांगेन. मला दिवसभर बरं वाटलं. ओमप्रकाशला सांगितलं तर म्हणतो, "आता प्रोफेसरच झाला तू! शाळेत तं मास्तर तुले दाराबाहीर ठेवत जाय."

पालक धुवून खा, आणि लेकरांना नाल्याकडे मातीत खेळू देऊ नका, एवढंच सांगितलं. संध्याकाळी पालकाची भाजी केली. दोनदा घेतली. काजलला मी स्वतः बजावलं — नाल्याकडे जायचं नाही. "नाई जात आबाजी," म्हणाली. गुणी आहे.

३० नोव्हेंबर

तीन दिवस आनंदात गेले. आता संपला.

घरामागच्या सांदवाडीत कोंबडी माती उकरून टोचत होती. मी पाहत बसलो. ती भाजी खात नाही. ती तर मातीच खाते! मूळ नाही, पान नाही, मध्ये कोणीच नाही. माती आणि पोट.

मग मुळाचं चांगलं निघालं तर तिला काय उपयोग?

आणि तव्यावरच्या ढेकळांना?

१ डिसेंबर

भाजल्याने जातं का? शिसं तर भट्टीतही जात नव्हतं. वितळायचं आणि राहायचं.

३ डिसेंबर

आज मॅडम नाल्यावर होत्या. मी मुद्दाम गेलो. कापूस वेचायला बाया आल्या होत्या, त्यांना सोडून गेलो. नलू ओरडली असेल.

मी म्हटलं, "मॅडम, कोंबडी माती खाते."

"हो, थोडी जातेच पोटात."

"तिच्या पोटात गोचीड सुटते का?"

त्या थांबल्या. हातातलं खुरपं खाली ठेवलं. म्हणाल्या, "काकाजी, हा खरा प्रश्न आहे." मग सांगितलं, पोटात आंबट पाणी असतं, माणसाच्याही आणि कोंबडीच्याही. ते कॉलेजात तसंच आंबट पाणी बाटलीत करतात, त्यात माती घालून हलवतात. मुळाला जे सुटत नाही ते आंबटात सुटतं. बरंच सुटतं.

मी तिथेच खाली बसलो.

"मंग माणसाले?"

"माणूस माती कुठे खातो? लहान मुलांचे हात तोंडात जातात, तेवढी चिमूटभर धूळ आम्ही हिशोबात धरतो. मूठभर कोण खातं?"

त्यांनी पाणी दिलं मला. उन्हाने झालं असेल म्हणाल्या.

४ डिसेंबर

नलूला सांगितलं. गोठ्यात, सून ऐकणार नाही असं.

"काही सांगता का! मी दोन लेकरं काढली त्या मातीवर. तुमच्या मायनंच देल्ती मले. काय झालं रोशनले? बैलासारखा आहे."

"तेव्हा भट्टी होती का व?"

हातातला चारा गायीपुढे टाकला. "आन् नाई देली, आन् कान फुटला, मंग? तुमच्या भावाचं पाह्यलं नाई? दोनदा गेलं तिचं. मी या टायमाले काहीच कमी पडू देणार नाई. तुमी आपले शेतात भेत जा. घरात भेऊ नका."

रागाने गायीला जोरात चापट मारली. गायीचा काय दोष.

मी भित्रा आहे हे मला ठाऊक आहे. आयुष्यभर भीत आलो. वीज पडेल, विहीर खचेल, बस उलटेल. यातलं काहीच झालं नाही. म्हणून घरात माझं कोणी ऐकत नाही. कोणाला दोष देऊ? मीसुद्धा माझं ऐकलं नसतं.

५ डिसेंबर

तवा आज पुन्हा चुलीवर. वास आला. चांगला येतो वास, खोटं कशाला बोलू.

७ डिसेंबर

उपाय सापडला! कान फुटायला नको आणि शिसंही जायला नको. माती द्यायची, पण दुसरीकडची.

बसने आंजीला गेलो, रुख्माबाईकडे. माझी थोरली बहीण. तिकडे भट्टी नाही, कारखाना नाही. वाटेत बस दोनदा थांबली, मला वाटलं ब्रेक गेला. काजल सोबत येते म्हणून रडत होती, पण नेलं नाही. बरंच झालं.

रुख्माबाईला म्हटलं, घरामागच्या टेकाडाची चांगली माती दे, खायची.

ती हातातला झाडू धरून पाहतच राहिली. "काऊन गा रूपराव, ह्या वयात डोहाळे लागले का तुले?"

मग खरं सांगितलं. हसणं थांबलं तिचं. स्वतः कुदळ घेऊन गेली. मला हात लावू दिला नाही — "तुमा माणसाले कोणती माती काढाची तेही समजत नाई" — वरचा कचरा बाजूला करून खालची काढली, हातावर चोळून पाहिली, चाखून पाहिली. एक पिशवी भरून दिली. निघताना म्हणाली, "सुनेले सांगजो, आत्याबाईनं पाठवली. नाई तं सासऱ्यानं आणली म्हून लाजेनं खाणार नाई ते."

परत येताना कंडक्टर म्हणाला, "बाबा, पिशवीत काय?" मी म्हटलं माती. तो म्हणाला, "गावात माती नाई का तुमच्या?"

मी म्हटलं, आहे. बरीच आहे.

८ डिसेंबर

पिशवी चुलीजवळ ठेवून दिली. काही बोललो नाही. नलूनेही काही विचारलं नाही.

दुपारी पाहिलं — तव्यावर लाल माती होती. आपल्याकडे लाल माती नाही.

पन्नास वर्षं झाली लग्नाला, तेव्हा कुठे एकदा माझं ऐकलं.

१० डिसेंबर

पण दसऱ्यापासून गेली ती?

१३ डिसेंबर

सुनेकडे पाहतो. चेहरा फिका वाटतो. मग वाटतं दाराच्या उजेडाने असेल. ती विचारते, "मामाजी, चहा अजून पायजे का?" मी नको म्हणतो आणि पाहत राहतो. तिला वाटत असेल म्हाताऱ्याचं डोकं गेलं.

मॅडमना सांगायला पाहिजे. रक्त तपासता येतं, त्यांनीच ओमप्रकाशला सांगितलं होतं. तो भट्टीवर कामाला होता काही दिवस. त्याने तपासलं नाही. म्हणाला, "निघालं तं काय करू? वितळवून विकू?"

१५ डिसेंबर

सांगितलं.

कसं सांगितलं माझं मला ठाऊक. मॅडम बांधावर पिशव्यांना नंबर लावत होत्या. मी बाजूला बसलो. दुसरीकडे तोंड करून.

"मॅडम, त्या दिवशी कोंबडीचं बोललो."

"हो ना."

"एक कोंबडी आहे. मूठभर खाते. रोज. नाल्याच्या दरडीची. आता नाई खात, आता दुसरीकडची देतो. पण दसऱ्यापासून..."

त्यांनी पेन थांबवलं. मग हळूच विचारलं, "काकाजी, कोंबडीला कितवा महिना आहे?"

"पाचवा."

रडू आलं मला. उपरण्याने तोंड पुसलं. मॅडम रागावल्या नाहीत. म्हणाल्या, चूक आमची आहे, आम्ही भाजीचं विचारलं, पाण्याचं विचारलं, हे विचारायचं सुचलंच नाही. कोणी सांगितलंही नाही, मी म्हटलं. म्हणाल्या, कोण सांगेल?

रक्त त्या तपासून देणार. गरोदर बायांचं तपासायची परवानगी आहे त्यांच्याकडे.

१८ डिसेंबर

घरात रणधुमाळी. गावातल्या आशा कार्यकर्ती अनुसयाबाई रक्त घ्यायला नर्सला घेऊन आल्या तेव्हा रोशन घरीच होता. पोराला काहीच माहीत नव्हतं. कळलं तेव्हा आईवर ओरडला — असा कधी ओरडला नव्हता.

"माती चारून राह्यली तू तिले? भट्टीची माती? माह्या लेकराले?"

नलू भिंतीला टेकून बसली होती. "मायेनं देल्ती रे," एवढंच म्हणाली.

"तुयी माया!"

मी मध्ये पडलो तर मलाही, "अन् तुमी! दुनियेचं भय आहे तुमाले, मले फोन करता आला नाई?"

खरं आहे.

सून मान खाली घालून हात पुढे करून बसली होती. सुई टोचली तरी हलली नाही. रोशन बोलत होता तोवर तिचे डोळे फक्त जमिनीवर. नंतर मला म्हणाली, "मामाजी, माह्याच्यानं तमाशा झाला घरात." मी म्हटलं, तुझ्यामुळे काय बाई, तुझा काय दोष. ती उठली. आत गेली.

काजल घाबरून माझ्या खाटेखाली बसली होती. गूळ दाखवून बाहेर काढलं.

२२ डिसेंबर

नलू जेवत नाही नीट. आज मात्र उठली आणि नाल्यावर धुणं धुणाऱ्या बायांकडे गेली. सगळ्यांना सांगितलं, दरडीची माती कोणी खाऊ नका, लेकीसुनेला देऊ नका.

परत आली ती तणतणत. "सगळ्या म्हणतात, आमी कुठं खातो माती! माती खाणाऱ्या तुमच्याच घरच्या! अन् दरड पाहा जाऊन — खोदून खोदून वांग्याएवढे खड्डे पडले तिथं. ते काय उंदरानं खाल्ली?"

२६ डिसेंबर

रिपोर्ट नाही.

३१ डिसेंबर

नाही. मॅडम सुट्टीवर. पोरं रस्त्यावर केक कापून राहिली. मी दार लावून घेतलं, फटाक्याने गंजीला आग लागेल म्हणून. लागली नाही.

४ जानेवारी

तुरी सोंगायला आल्या. मन लागत नाही. विळा हातात घेतो आणि विचार येतो — निघालंच रक्तात, तर मग काय? त्याला काढता येतं का? मॅडमना विचारलं होतं फोनवर. त्या म्हणाल्या, आधी रिपोर्ट येऊ द्या काकाजी. म्हणजे नीट काढता येत नसेल. येत असतं तर लगेच सांगितलं असतं.

पोटातलं बाळ हलतं म्हणे आता. नलूने सांगितलं. आम्ही दोघं त्यावर काही बोललो नाही. नाव घेतलं की दृष्ट लागते.

८ जानेवारी

आला! चांगला आला!

मॅडम स्वतः सांगायला आल्या. अपेक्षाच्या रक्तात शिसं जवळजवळ नाहीच. शहरातल्या बाईपेक्षाही कमी! मी दोनदा विचारलं, नाव बरोबर आहे ना, दुसरीची बाटली नाही ना? नाव बरोबर. रोशनने आईच्या पायावर डोकं ठेवलं. नलू आधी रडली, मग लगेच म्हणाली, "म्हटलं होतं ना मी!" सूनही रडली. सगळ्यांत जास्त तीच रडली. रोशन जिलबी घेऊन आला, काजलने तीन खाल्ल्या, हात चाटत फिरली.

मॅडमना मात्र नवल वाटलं. रोज मूठभर खाऊन एवढं कमी कसं? विचार करत बसल्या. म्हणाल्या, कदाचित ही माती पोटातही सोडत नसेल, बाटलीत जे होतं ते माणसाच्या पोटात तसंच होईल असं नाही. भाजल्यानेही काही फरक पडत असेल. डोळे चमकत होते त्यांचे. भराभरा लिहून घेतलं. "काकाजी, तुमच्या घरामुळे आम्हाला नवीन गोष्ट कळली असं दिसतं."

जाताना बजावलं, एका बाईवरून काही ठरत नाही, अजून तपासू, तोवर माती बंदच ठेवा.

ओट्यावर गावातले पाच-सहा जण होते. त्यांनी पहिलं ऐकलं. शेवटचं कोणी ऐकलं असं मला वाटत नाही.

९ जानेवारी

गावभर झालं — दरडीच्या मातीत काही नाही, रूपरावच्या सुनेच्या रक्ताने सिद्ध झालं. ओमप्रकाश म्हणाला, "आता तुयी माती प्रसाद म्हून वाट." सकाळी नाल्यावर बाया दिसल्या, पदराखाली टोपल्या घेऊन. नलूशी पुन्हा बोलायला लागल्या.

आंजीची माती संपली होती. नलू दरडीची घेऊन आली. मला दाखवून तव्यावर टाकली. "आता तं भेत नाई ना?"

मॅडम बंद ठेवा म्हणाल्या होत्या, हे आठवत होतं. पण भिऊन भिऊन मलाही थकवा आला होता. रक्तच चांगलं आलं, त्याच्यापुढे आणखी काय पाहिजे?

आज जेवण चांगलं गेलं. दुपारी झोपही लागली.

११ जानेवारी

सुनेने एकही ढेकूळ खाल्लं नव्हतं.

सकाळी काजल माझ्याजवळ येऊन बसली. काहीतरी कुरकुर चावत होती. मला वाटलं फुटाणे. ओठ काळे दिसले. म्हटलं, कोणी दिलं? म्हणाली, "कोणी नाई. आईच्या पेटीमांगं असते. आजी ठेवते, आई खात नाई, मंग मले."

"कधीपासून?"

"पयलेपासून."

सून दारात उभी होती. पदर तोंडात. "सासूबाईले वाईट वाटन म्हून नाई म्हटलं नाई मामाजी. पेटीमांगं सरकवून देत होते, फेकाले. संध्याकाळी पाहो तं नसे. मले वाटे सासूबाईनंच उचललं, मनात समजल्या. लाजेनं विचारलं नाई."

काजलचं रक्त कोणी तपासलं नाही. काजल कोणाच्या हिशोबात नव्हती.

तिने मूठ उघडली. अर्धं उरलं होतं. "आबाजी, तुमी घ्या."